कोरोना असताना स्ट्रोकवर उपचार केले तर मृत्यू वाढतात, मग उपचार करायचेच कशाला?

तुम्ही वाचलेला आकडा खरा आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. 'कोरोना झालेल्यांमध्ये स्ट्रोकच्या (गुठळीने मेंदूची रक्तवाहिनी तुंबण्याच्या) उपचारानंतर रक्तस्राव आणि मृत्यू जास्त होतात, मग गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनला नकार द्यावा का?' असं तुम्ही विचारलं आहे. नकार देऊ नये.

'न्यूरॉलॉजी' या नियतकालिकात २०२३ मध्ये एक मोठा जागतिक अभ्यास आला. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन किंवा नळी घालून गुठळी काढण्याची प्रक्रिया (थ्रोम्बेक्टॉमी) झालेले १५,१२८ रुग्ण त्यात होते, पैकी ८५३ जणांना कोरोना होता. वय, स्ट्रोकची तीव्रता वगैरे हिशोबात धरूनही कोरोनाच्या गटात त्रासदायक मेंदू-रक्तस्रावाचे ऑड्स (घडणं विरुद्ध न घडणं यांचं प्रमाण) सुमारे दीडपट, पहिल्या २४ तासांतल्या मृत्यूचे अडीचपट आणि तीन महिन्यांतल्या मृत्यूचे जवळपास दुप्पट निघाले. जगलेल्यांमध्येही अपंगत्व जास्त राहिलं.

आता नीट पाहा. तुलना कोणाची झाली? उपचार घेतलेल्या दोन गटांची, एकाला कोरोना आणि दुसऱ्याला नाही. कोरोना आहे पण उपचार केलेच नाहीत, अशा रुग्णांशी ही तुलना नाही. म्हणून उपचाराने नुकसान होतं, असं या आकड्यांवरून म्हणताच येत नाही. मोठी रक्तवाहिनी तुंबून राहिली तर मेंदूचा तो भाग मरतोच, कोरोना असो वा नसो.

निकाल बिघडतो तो अनेक बाजूंनी. विषाणूमुळे रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला सूज येते, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते (डी-डायमर, फायब्रिनोजेन हे रक्त गोठण्याशी संबंधित घटक तपासणीत चढलेले दिसतात), त्यामुळे उघडलेली वाहिनी पुन्हा बंद होऊ शकते. तेच अस्तर कमजोर असल्याने रक्त झिरपण्याची भीतीही असते. त्यात न्यूमोनियाने ऑक्सिजन उतरला, की मेंदूचा जो भाग वाचू शकला असता तोही जातो. शिवाय उशीर. चाचणीचा रिपोर्ट येईपर्यंत थांबणं ही टाळता येणारी चूक आहे; रुग्णाला पॉझिटिव्ह समजून मास्क, पीपीई घालून थेट सीटीला न्यावं.

इंजेक्शनची वेळमर्यादा साधारण साडेचार तासांची, आणि ती लक्षणं दिसल्यापासून नव्हे, रुग्ण शेवटचा ठीक दिसला तेव्हापासून मोजतात. अल्टेप्लेज या गुठळी विरघळवणाऱ्या औषधाचा डोस वजनाच्या किलोमागे ०.९ मिग्रॅ, कमाल ९० मिग्रॅ. दहावा भाग लगेच, उरलेला एका तासात. कोरोनामुळे हा डोस बदलत नाही. थ्रोम्बेक्टॉमी सहा तासांपर्यंत, आणि स्कॅनवर वाचण्याजोगा भाग दिसला तर निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत होते.

कोरोनाच्या रुग्णात एक प्रश्न हमखास विचारायला हवा, तो म्हणजे हेपरिन (रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन) चालू आहे का. गेल्या २४ तासांत उपचाराच्या पूर्ण मात्रेत लो-मॉलिक्युलर हेपरिन (हेपरिनचाच एक प्रकार) दिलं असेल तर अल्टेप्लेज सहसा देत नाहीत. प्लेटलेट एक लाखाखाली असतील तरीही नाही. थ्रोम्बेक्टॉमीचा विचार मात्र तेव्हाही करता येतो. नातेवाइकांनी औषधांची चिठ्ठी सोबत आणली तर इथे मोलाची मिनिटं वाचतात.

इंजेक्शननंतर २४ तास रक्तदाब १८०/१०५ च्या खाली ठेवतात. अचानक डोकेदुखी, उलटी किंवा गुंगी वाढली तर औषध थांबवून लगेच सीटी करतात. गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडातून पाण्याचा घोटही देऊ नये. आधीच आजारी फुप्फुसात अन्न किंवा पाणी गेलं तर सगळी मेहनत वाया जाते, आणि प्रेमापोटी नेमकं हेच घडतं.

आणखी एक गोष्ट सहज सुटते. कोरोनासाठी रिटोनाविर असलेल्या गोळ्या सुरू असतील तर अपिक्साबॅन, रिवारोक्साबॅन या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण वाढतं आणि प्लेटलेटना चिकटू न देणाऱ्या क्लोपिडोग्रेलचा परिणाम घटतो. घरी सोडताना डॉक्टरांकडून औषधांची यादी एकदा तपासून घ्या. विलगीकरणामुळे फिजिओथेरपी लांबली असेल, तर ती कधी सुरू होणार हेही तेव्हाच विचारा.