बारावी सायन्सनंतर पुरातत्त्व? शाखा बदलायची घाई नको

प्रश्न: मुलगी बारावी सायन्सला आहे. इनामगावची पांढर (जुन्या वस्तीचं मातीचं टेकाड) पाहून आल्यापासून पुरातत्त्वातच जायचं म्हणते. तिचे बाबा विचारतात, मेलेल्यांची मडकी उकरून आज कुणाचं भलं होणार आणि हिचं पोट कसं भरणार? सायन्स सोडून आर्ट्सला घालावं का? आणि पोरीला महिना महिना तंबूत कसं पाठवायचं? – एक आई, शिरूर तालुका

ताई, नमस्कार.

सायन्स सोडायला लावू नका. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाच्या एम.ए.ला कुठल्याही शाखेचा पदवीधर अर्ज करू शकतो. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, भूशास्त्र किंवा रसायनशास्त्रात बी.एस्सी. करून आलेल्या मुलांची तर या क्षेत्राला खरी निकड आहे. का, ते तुमच्याच तालुक्यातल्या इनामगावावरून सांगतो.

घोड नदीकाठच्या त्या पांढरीत डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात उत्खनन केलं. इ.स.पू. 1600 ते 700 च्या सुमाराचं शेतकऱ्यांचं गाव तिथे मिळालं. शंभराहून जास्त घरं, धान्याच्या कणग्या, जमिनीखाली कुंभांत पुरलेली लहान मुलं, पुराचं पाणी वळवून घेणारा चर. आधीच्या काळात ऐसपैस चौकोनी घरं आहेत. इ.स.पू. 1000 नंतर त्यांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात, शेती ढासळते आणि शिकारीच्या जनावरांची हाडं वाढतात. पाऊस घटला आणि लोक शेळ्या-मेंढ्यांमागे फिरू लागले, असा अर्थ पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी लावला. पुढच्या काही अभ्यासकांना तो पूर्ण पटलेला नाही. पण हा वाद चालतो तो जळक्या दाण्यांवर, हाडांवर आणि मातीवर, म्हणजे सायन्सच्या पुराव्यावर. अवर्षणात कोणतं पीक तगलं, माणसांनी पोट कसं भरलं, मुलांची वाढ खुंटली का, हे प्रश्न शिरूरच्या शेतकऱ्याला परके नाहीत. पावसाच्या नोंदी फार तर दोनशे वर्षांच्या. त्यामागचं पांढरच सांगते. बाबांच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर हेच.

आता प्रत्यक्ष काम. टेकाडावर 10 बाय 10 मीटरचे चौकोन आखतात. दोन चौकोनांमध्ये न खणलेली मातीची भिंत सोडतात, कारण थर त्या भिंतीच्या कापावरच वाचता येतात. खोदायचं ते फुटपट्टीने सारख्या खोलीपर्यंत नाही. मातीचा रंग, पोत आणि घट्टपणा बदलेल तिथे थर बदलायचा. सगळ्यात जास्त घोटाळा जुन्या खड्ड्यांचा होतो. वरून दुसऱ्या थरातल्या माणसाने कचऱ्यासाठी खणलेला खड्डा पाचव्या थरापर्यंत गेलेला असतो. त्याचं तोंड वेळीच ओळखलं नाही, तर नंतरची खापरं जुन्या थराच्या पिशवीत जातात आणि काळ शेकडो वर्षांनी चुकतो. उंदरांची बिळंही अशीच फसवतात. म्हणून संशय आला की जमीन खरवडून स्वच्छ करायची, थोडं पाणी शिंपडायचं. ओल्या मातीत खड्ड्याची कड उठून दिसते.

जळके दाणे मिळवायला प्रत्येक थराची माती लिटरमध्ये मोजून पाण्यात सोडतात. कोळसलेले दाणे तरंगतात, ते बारीक जाळीवर धरायचे आणि सावलीत वाळवायचे. उन्हात ठेवले तर तडकतात. मातीचं माप लिहिलं नसेल तर दोन थरांची तुलनाच करता येत नाही. कार्बन-14 साठी (वय काढायच्या चाचणीसाठी) घेतलेल्या कोळशाला हात लावायचा नाही, स्वच्छ अवजाराने उचलून ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये ठेवायचा. जाड वाशाच्या गाभ्याचं लाकूड घरापेक्षा कितीतरी जुनं निघू शकतं, त्यामुळे एका हंगामात पिकलेला दाणा जास्त भरवशाचा. हे सगळं करून संध्याकाळी खापरं धुणं, क्रमांक घालणं, वहीत नोंद करणं उरतंच. ज्याला नोंदींचा कंटाळा, त्याने या वाटेला जाऊ नये.

पोटाचं स्पष्ट सांगतो: सरकारी जागा थोड्या आहेत आणि भरती नियमित निघत नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, राज्याचं पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय, संग्रहालयं, विद्यापीठं, हे मुख्य मार्ग. प्राध्यापकी किंवा संशोधनवृत्तीसाठी नेट परीक्षेत पुरातत्त्व हा स्वतंत्र विषय आहे. एम.ए.नंतर ग्रेटर नोएडाच्या पुरातत्त्व संस्थेची दोन वर्षांची पदविका करता येते, पण तिथे जागा मोजक्याच. याशिवाय स्मारकांच्या कायद्यातल्या 2010 च्या दुरुस्तीनंतर केंद्र संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि पुढच्या 200 मीटरांत परवानगी लागते. मोठ्या प्रकल्पांना स्मारकावर होणाऱ्या परिणामांचा अभ्यास करावा लागतो. अशा कामात जीआयएस (संगणकावर नकाशे आणि जागांची माहिती जोडणं), ड्रोनचं सर्वेक्षण, टोटल स्टेशन (जमीन मोजणीचं यंत्र) येणाऱ्याला मागणी असते. म्हणून बी.एस्सी.च्या तीन-चार वर्षांत तिने जीआयएस शिकावंच. पदवी हाताशी असली की पुरातत्त्वात जमलं नाही तरी दुसरे रस्ते बंद होत नाहीत. आर्ट्स वाईट नाही. पण सायन्सची गोडी असेल तर ती टाकून जाऊ नये एवढंच.

आत्ता काय करावं? बारावी झाली की डेक्कन कॉलेजचं संग्रहालय दाखवा, इनामगावच्या वस्तू तिथे आहेत. पांढरीवर पुन्हा गेली तर खापर उचलून घरी आणू देऊ नका. जागेवरून हललं की त्याची अर्धी माहिती गेली. फोटो काढावा, शेजारी मापाची पट्टी ठेवावी, जागा लिहावी. गावात कुणी पांढरीची माती खत म्हणून शेतात ओढत असेल तर तिने त्यांच्याशी बोलावं. कितीतरी वसाहती अशाच ट्रॉलीतून गेल्या आहेत. पुरलेलं काही सापडलं आणि किंमत 10 रुपयांच्या वर असेल, तर 1878 च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे.

तंबूची काळजी रास्त आहे. उत्खनन बहुतेक हिवाळा-उन्हाळ्यात, गावाजवळच असतं आणि मुली सर्रास जातात. तरी निघण्याआधी शिबिरप्रमुखांना फोन करून तीन गोष्टी विचारा: मुलींची राहण्याची वेगळी सोय, स्वच्छतागृह, आणि जवळचा दवाखाना किती अंतरावर. उत्तरं गोलमाल आली तर ते शिबिर सोडून दुसरं बघा. पाठवाल तेव्हा बंद बूट, रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे द्या आणि धनुर्वाताचं इंजेक्शन आधी देऊन ठेवा.