जीएनएस३ (संगणकावर नेटवर्कची लॅब उभारायचं सॉफ्टवेअर) मध्ये पीसी म्हणून व्हर्च्युअल मशीनऐवजी कंटेनर (पूर्ण ऑपरेटिंग सिस्टीम बूट न करता चालणारं हलकं, स्वतंत्र वातावरण) वापरता येईल का?

हो, आणि ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर चार-पाच पीसींची लॅब करायची असेल तर मी तोच मार्ग सुचवेन. प्रत्येक पीसीसाठी पूर्ण उबुंटू बूट करणं म्हणजे रॅम वाया घालवणं. जीएनएस३ सोबत येणारा व्हीपीसीएस (साधा आभासी पीसी) हलका आहे, पण पिंग, ट्रेस आणि डीएचसीपीच्या (आपोआप आयपी पत्ता मिळण्याच्या) पलीकडे तो फारसा जात नाही.

अल्पाइन या छोट्या लिनक्सची डॉकर इमेज (डॉकर हे कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर, इमेज म्हणजे कंटेनरचा साचा) घ्या. डाउनलोड ५ एमबीच्या आसपास, कंटेनर सुरू व्हायला एखादा सेकंद. त्यातल्या बिझीबॉक्समध्ये (छोट्या कमांड्सच्या संचात) पिंग, ट्रेसराउट, डब्ल्यूगेट (फाइल डाउनलोड करायची कमांड), डीएचसीपी क्लायंट हे सगळं असतंच.

बहुतेक जण एका ठिकाणी अडकतात. कंटेनर लॅबमध्ये ठेवल्यावर त्याला इंटरनेट नसतं, त्यामुळे तिथे टीसीपीडम्प (पॅकेट पकडायचं टूल) किंवा आयपर्फ३ (नेटवर्कचा वेग मोजायचं टूल) इन्स्टॉल होत नाही. शिवाय प्रोजेक्ट बंद केला की आत केलेले बदलही जातात. म्हणून डॉकरफाइल (इमेज बनवायच्या सूचनांची फाइल) लिहून ही टूल्स आधीच इमेजमध्ये घाला आणि जीएनएस३ मध्ये पीसीच्या टेम्प्लेटसाठी तीच इमेज निवडा. आयपी पत्ता मात्र नोडच्या (लॅबमधल्या त्या पीसीच्या) नेटवर्क कॉन्फिगरेशनमध्येच लिहा, तो टिकतो. इतर काही फोल्डर जपायचे असतील तर टेम्प्लेटच्या ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये त्यांची नोंद करा.

विंडोजवर असाल तर यासाठी जीएनएस३ व्हीएम (जीएनएस३ चं तयार लिनक्स व्हर्च्युअल मशीन) लागेल, कारण कंटेनरला स्वतःचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) नसतो. तो लिनक्स होस्टचाच वापरतो. त्याच कारणाने वेगळा कर्नल किंवा विंडोज क्लायंट तपासायचा असेल, तर तिथे व्हर्च्युअल मशीनच घ्या.