आरशासमोरची वाक्ये आणि कामाची वाक्ये

प्रश्न : मी बी.कॉम. असून आमच्या गावाजवळच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात हिशेबाचे काम पाहते. मोठ्या ठिकाणी लेखापालाची जागा मिळावी म्हणून अमरावती आणि नागपूर येथे मुलाखती दिल्या, पण निवड झाली नाही. नागपूरला 'सध्या काय करता?' या प्रश्नाला मी 'फक्त हिशेब लिहिते' एवढेच म्हणाले आणि जीएसटीच्या प्रश्नाला तर बोबडीच वळली. एका व्याख्यानात ऐकल्याप्रमाणे मी रोज सकाळी आरशासमोर 'मी यशस्वी आहे, मी आत्मविश्वासाने परिपूर्ण आहे' असे म्हणते. मात्र म्हणताना हे खोटे आहे असेच वाटत राहते. आई म्हणते, "काहून जीव जाळतं वं, आपल्या नशिबातच नाही ते." सकारात्मक विचारांचा खरोखर उपयोग होतो का, की माझ्यातच काही कमी आहे? माझी बोली वऱ्हाडी आहे, त्याचाही संकोच वाटतो.
– एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : तुम्हाला जे वाटते ते पुष्कळांना वाटते, आणि त्याचा शास्त्रीय अभ्यासही झालेला आहे. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, स्वतःविषयी मुळातच फारसे चांगले मत नसलेल्या व्यक्तींना 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे' अशा अर्थाचे वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला सांगितले, तेव्हा ते वाक्य न म्हणणाऱ्यांपेक्षा त्यांचीच मनःस्थिती अधिक खालावलेली आढळली. मनाला न पटणारे वाक्य उच्चारले की मन लगेच त्याविरुद्धचे पुरावे गोळा करू लागते. तेव्हा आरशासमोरचा हा नेम तुम्ही निःशंकपणे सोडून द्या.

म्हणून आशाच सोडावी, असे मात्र नाही. गॅब्रिएल ओटिंगन या मानसशास्त्रज्ञ महिलेने नोकरीच्या शोधात असलेल्या जर्मन पदवीधरांचा अभ्यास केला. चांगली नोकरी लागल्याची सुखद चित्रे मनात रंगवत राहणाऱ्यांनी अर्ज कमी केले होते आणि दोन वर्षांनंतर त्यांना नोकरीचे प्रस्तावही कमी आले होते; उलट ज्यांना नोकरी मिळण्याची खरी अपेक्षा होती, त्यांची स्थिती चांगली होती. अशी अपेक्षा आजवर आपण काय करून दाखवले आहे, यावर उभी राहते. तुमच्याजवळ ते भरपूर आहे; त्याला शब्द मात्र मिळालेले नाहीत.

'फक्त हिशेब लिहिते' हे वाक्य घ्या. जिनिंगमधल्या हिशेबनिसाचे काम आपल्या भागात सर्वांना ठाऊक आहे. हंगामात फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागते. प्रत्येक गाडीची काटा-पावती, ओलाव्यापोटी झालेली कपात, अडत्याची नोंद आणि शेतकऱ्याच्या खात्यावर गेलेला चुकारा यांचा मेळ त्याच दिवशी बसवावा लागतो, कारण एका क्विंटलचा फरक राहिला तरी दुसऱ्या दिवशी सकाळी तो शेतकरी टेबलासमोर उभा असतो. हे सारे 'फक्त' कसे? आज रात्रीच वहीत लिहा : 'हंगामात येणाऱ्या सर्व गाड्यांच्या पावत्या आणि चुकारे मी रोजच्या रोज जुळवते आणि फरक निघाल्यास तो शोधून काढते.' यातला जो भाग तुम्ही स्वतः करत नसाल तो गाळा, आणि रोज किती पावत्या हाताळता तो खरा आकडा घाला. हे वाक्य म्हणताना मन आतून 'खोटे' म्हणणार नाही, कारण त्यात खोटे काहीच नाही. जीएसटीचेही तसेच आहे. शेतकऱ्याकडून थेट घेतलेल्या कच्च्या कापसावरचा कर रिव्हर्स चार्जने नोंदणीकृत खरेदीदाराला, म्हणजे तुमच्या जिनिंगलाच भरावा लागतो. ते प्रकरण तुमच्या कार्यालयातल्या फायलींतच आहे. तिथून तयारी सुरू करा.

आईंच्या बोलण्याकडेही लक्ष द्यायला हवे. त्या मायेपोटी बोलतात, मुलीला पुन्हा निराश झालेली पाहवत नाही म्हणून बोलतात. पण अपयश नशिबाच्या नावे लिहिले की ते कायमचे आणि सर्वच बाबतींतले होऊन बसते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन यांनी अनेक वर्षांच्या संशोधनातून हाच भेद मांडला : अपयशाचे कारण कायमचे आणि सर्वव्यापी मानणारा माणूस लवकर हात टेकतो, तर ते तात्पुरते आणि ठरावीक मानणारा पुन्हा प्रयत्न करतो. 'मला मुलाखत जमत नाही' याऐवजी 'नागपूरला जीएसटीच्या प्रश्नावर मी अडले' असे म्हणा. दुसऱ्या वाक्यावर अभ्यास करता येतो. आईंशी वाद घालू नका. तो प्रश्न आणि त्याचे उत्तर त्यांना एकदा समजावून सांगा, तुमचीही उजळणी होईल.

वऱ्हाडीचा संकोच मुळीच नको. मुलाखतीत अडचण होते ती वाक्य अर्धवट गिळल्याने, हेलामुळे नव्हे. 'उत्तर पटकन सुचले नाही, तर मी एक श्वास घेईन आणि तो पुन्हा विचारण्याची विनंती करीन' असे आधीच ठरवून ठेवा. 'असे झाले तर मी असे करीन' या स्वरूपात ठरवलेली गोष्ट ऐन वेळी आठवते, हे मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांच्या संशोधनातून दिसून आले आहे.

प्रश्न : सततच्या पावसाने माझ्या मित्राचे सोयाबीन हातचे गेले. तो कोणाशी बोलत नाही. सगळे त्याला 'पॉझिटिव्ह राहा' म्हणतात. मी काय बोलावे?
– एक शेतकरी, जि. वर्धा

उत्तर : दादा, तुम्ही तरी ते शब्द त्याला ऐकवू नका. ज्याचे शेत पाण्याखाली गेले आहे, त्याला त्यातून एवढेच कळते की आपले दुःख ऐकायला कोणी तयार नाही. त्याच्या बांधावर जा, त्याचे बोलणे ऐका, आणि 'कोणता हप्ता सर्वांत आधी भरायचा आहे?' असे साधे विचारा. पंचनाम्याच्या वेळी त्याच्यासोबत राहा किंवा कर्जाच्या पुनर्गठनाची चौकशी करण्यासाठी बँकेत त्याच्याबरोबर जा. सोबतीने केलेल्या अशा एका कामाचा त्याला खरा आधार वाटेल. जगण्यात अर्थ नाही असे तो बोलत असेल, तर 'जीव देण्याचा विचार मनात येतो का?' असे त्याला थेट आणि शांतपणे विचारा, एकटे सोडू नका, घरातील फवारणीची औषधे त्याच्या हाती लागणार नाहीत अशी हलवा आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन लावून द्या. ही सेवा विनामूल्य आहे, दिवसरात्र चालते आणि तिथे मराठीतून बोलता येते.