वाचकांचे प्रश्न : रेटिनॉल, व्हिटॅमिन सी आणि सुरकुत्या

प्रश्न : वय ४२. व्हिटॅमिन सी, रेटिनॉल आणि ग्लायकोलिक अ‍ॅसिड अशी तीन सीरम आणली. तिन्ही रोज रात्री एकावर एक लावते. चेहरा लाल झालाय, सालं निघतायत, साधं पाणी लागलं तरी चुरचुरतं. मला रेटिनॉल सोसत नाही का?

उत्तर : इतक्यात तसं ठरवू नका. तुमच्या त्वचेचा वरचा संरक्षक थर दुखावलाय. रेटिनॉल हा व्हिटॅमिन एचा एक प्रकार. त्याचं त्वचेत दोन टप्प्यांत रेटिनॉइक अ‍ॅसिड होतं. ते नवं कोलॅजन, म्हणजे त्वचा घट्ट ठेवणारं प्रथिन, तयार करायला लावतं आणि कोलॅजन तोडणारी एन्झाइम्स आवरतं. पण सुरुवातीला त्वचा कोरडीही पाडतं. त्यात ग्लायकोलिकने वरच्या पेशींची पकड सैल केली. शुद्ध व्हिटॅमिन सी, म्हणजे एल-अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड, आत शिरावं म्हणून त्या सीरमचा पीएच ३.५ पेक्षा कमी ठेवलेला असतो, म्हणजे ते बरंच आम्लधर्मी असतं. तिन्हींचा मारा एकाच रात्री झाला.

आता तिन्ही बंद. सौम्य क्लेन्झर, सिरामाइडवालं (त्वचेच्या वरच्या थरात असतात तसे स्निग्ध घटक असलेलं) बिनवासाचं मॉइश्चरायझर आणि दिवसा सनस्क्रीन, एवढंच. सूज किंवा फोड आले तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. चुरचुर पूर्ण थांबली की फक्त रेटिनॉल सुरू करा : ०.१ ते ०.३ टक्के, आठवड्यातून दोन रात्री. चेहरा धुऊन पूर्ण कोरडा होऊ द्या, कारण ओल्या त्वचेवर ते जास्त झोंबू शकतं. नाकपुड्यांच्या खाचा, ओठांचे कोपरे आणि डोळ्यांच्या कडा इथं आधी मॉइश्चरायझर लावा. सालं पहिल्यांदा तिथंच निघतात. मग अख्ख्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं रेटिनॉल. महिनाभर सोसलं तर एक रात्र वाढवा. बारीक रेषांत फरक दिसायला किमान १२ आठवडे द्या. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल, तर रेटिनॉल नकोच.

महिन्या-दोन महिन्यांनी व्हिटॅमिन सी सीरम सकाळी लावायला घ्या. ग्लायकोलिक मात्र आमच्या मते सोडून दिलंत तरी काही अडत नाही.

प्रश्न : व्हिटॅमिन सी सीरम तपकिरी झालंय. वापरू का?

उत्तर : नको, हवा आणि उजेड लागून ते ऑक्सिडाइज झालंय. किंचित पिवळसर असेपर्यंत चालतं. पुढच्या वेळी गडद, घट्ट झाकणाची छोटी बाटली घ्या. सोबत व्हिटॅमिन ई आणि फेरुलिक अ‍ॅसिड असेल तर ते जास्त टिकतं.

प्रश्न : कोलॅजन क्रीमने त्वचेतलं कोलॅजन भरून निघतं का?

उत्तर : नाही. साधारण ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं एकक) मोठे रेणू त्वचेतून सहसा आत जात नाहीत, आणि कोलॅजनचा रेणू जवळपास ३ लाख डाल्टनचा. ते वरच राहून ओलावा धरतं, बस्स. आहे ते कोलॅजन वाचवायचं तर सनस्क्रीनवर खर्च करा. उन्हातले यूव्हीए, म्हणजे कोलॅजन खराब करणारे अतिनील, किरण खिडकीच्या काचेतूनही येतात, म्हणून यूव्हीएपासूनही संरक्षण देणारं, एसपीएफ ३० किंवा जास्त असलेलं घ्या. चेहरा आणि मान मिळून तर्जनी व मधलं बोट भरेल एवढं लागतं. निम्मंच लावलं तर लेबलवरच्या आकड्याइतकं संरक्षण मिळत नाही. उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावा.