जवारी कॉर्डमध्ये की कानांत?

प्रश्न : हौसेने जमवलेल्या हाय-फाय संचातील अँप्लिफायरला मी नुकतीच १८ हजार रुपयांची पॉवर कॉर्ड (सॉकेटमधून वीज आणणारी वायर) लावली. अनेकदा ऐकलेल्या ख्यालाच्या ध्वनिमुद्रणात तानपुऱ्याची जवारी, म्हणजे त्याच्या तारांचा झंकार, आता कितीतरी सुटी ऐकू येते. विद्युत अभियंता असलेला माझा मुलगा याला भास म्हणतो. मला ऐकू येते ते खोटे आहे का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपल्याला जवारी अधिक स्पष्ट ऐकू आली, यात शंका घेण्याचे कारण नाही, शंका आहे ती तिचे श्रेय कॉर्डला देण्याबाबत. रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरपासून आपल्या भिंतीतील सॉकेटपर्यंत वीज साध्याच तारांतून येते, आणि अँप्लिफायरमध्ये शिरताच तिचा दाब बदलून, तिला एकदिश करून ती कपॅसिटरमध्ये साठवली जाते, त्यामुळे वाटेतल्या शेवटच्या दीड मीटरने जवारी सुटी करावी असे तिथे काही घडत नाही. जुनी कॉर्ड सैल असेल किंवा तिच्या पिना गंजल्या असतील, तर मात्र फरक पडू शकतो. पण तो दोनशे रुपयांच्या नव्या कॉर्डनेही पडला असता.

मग बदलले काय? आपले लक्ष. पैसे मोजून आणलेली वस्तू लावल्यावर आपण सुधारणा शोधतच ऐकायला बसतो, आणि ध्वनिमुद्रणात पहिल्यापासून असलेली जवारी त्या शोधात सापडते. औषधशास्त्रात ज्याला प्लासिबो म्हणतात (औषध नसलेल्या गोळीनेही केवळ विश्वासामुळे बरे वाटणे), त्याचाच हा प्रकार असून जाणकारही त्यातून सुटत नाहीत. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात श्रोते होते ध्वनिसाधने बनवणाऱ्या हरमन कंपनीचेच ४० कर्मचारी. पडद्याआडून ऐकताना त्यांनी ज्या लहान, स्वस्त स्पीकर-संचाला बरे गुण दिले, तोच डोळ्यांसमोर आल्यावर त्यांच्या पसंतीतून घसरला. (१९९०च्या सुमारास सीडीच्या कडेला हिरवी शाई फासल्याने आवाज सुधारतो, असेही अनेक जण छातीठोकपणे सांगत असत. त्या मानाने आपली कॉर्ड निदान वीज तरी वाहून नेते.)

मुलाशी वाद घालण्यापेक्षा त्याला मदतीला घ्यावे. अँप्लिफायरची मागची बाजू झाकून आपण पाठमोरे बसावे. मुलाने दर वेळी नाणे उडवून कोणती कॉर्ड लावायची ते ठरवावे, अँप्लिफायर बंद करूनच ती लावावी, आणि तीच कॉर्ड पुन्हा आली तरी प्लग काढून परत बसवावा, म्हणजे खडखडाटावरून अंदाज येणार नाही. आवाजाची खुंटी अजिबात हलवू नये, कारण किंचित मोठा आवाज कानाला हटकून चांगला वाटतो. ऐकताना खुर्चीही सरकवू नये, कारण डोके वीतभर हलले तरी खोलीतील परावर्तनांमुळे स्पीकरचा आवाज बदलतो, आणि हा बदल खरोखरचा असतो. मुलाने कॉर्ड लावून खोलीबाहेर जावे, नाहीतर त्याचा चेहराच उत्तर सांगून टाकेल. आपले उत्तर कागदावर लिहावे आणि ताळा शेवटीच करावा. अशा १६ फेऱ्यांत १२ किंवा अधिक उत्तरे केवळ अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी असते, त्यामुळे तितकी जमली तर माझे वरचे विवेचन मलाच पुन्हा तपासावे लागेल.

सोळा फेऱ्या एका बैठकीत उरकू नयेत, कान थकतात. कॉर्ड परत घेण्याची मुदत दुकानदाराने किती दिली आहे, ते मात्र आधी पावतीवर पाहून ठेवावे.