मेगर चांगला आला, पण इन्सुलेशनचं वय त्यातून कळत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एक्सएलपीई (साखळ्या एकमेकींना जोडलेलं पॉलिथिलीन) इन्सुलेशनच्या केबलचा नमुना १२० अंशांच्या ओव्हनमध्ये सात दिवस ठेवला, मग दोन दिवसांत ५०० किलोग्रे (ग्रे म्हणजे शोषलेल्या किरणोत्सर्गाचं माप) गॅमा डोस दिला. शेवटी मेगर (इन्सुलेशनचा विद्युत रोध मोजायची चाचणी) केला तर रीडिंग नव्या केबलसारखंच आलं. तर ५० अंश तापमान आणि किरणोत्सर्ग असलेल्या खोलीत ही केबल ४० वर्षं टिकेल असं लिहून द्यावं का? आणि शंका असेल तर सरळ टेफ्लॉन घ्यावं का?

एवढ्यावर लिहून देऊ नका. केबल वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. या चाचणीतून ते कळतच नाही.

आधी ते सात दिवस. कोणीतरी अ‍ॅक्टिव्हेशन एनर्जी (तापमानाबरोबर बिघाडाचा वेग किती वाढतो ते ठरवणारा आकडा) १.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट धरून अर्‍हेनियसचं, म्हणजे गरम ओव्हनमधल्या थोड्या वेळावरून थंड खोलीतलं आयुष्य काढायचं, गणित केलेलं दिसतंय. ४० वर्षं म्हणजे ३,५०,४०० तास. ५० वरून १२० अंशांवर गेलं की ते साधारण १६३ तासांत बसतात. हीच एनर्जी १.० धरा, ५८६ तास लागतात, म्हणजे चोवीस दिवस. ०.८ धरली तर जवळजवळ तीन महिने. एका दशांश आकड्यावर इतकं अवलंबून असताना तो आकडा तुमच्याच मालावर, तीन-चार तापमानांना मोजलेला हवा. तक्त्यातून उचललेला चालत नाही. शिवाय अनेक रबरांमध्ये ऑक्सिजन किती खपतो हे कमी तापमानाला प्रत्यक्ष मोजलं, की एनर्जी ओव्हनमधल्यापेक्षा कमी भरते. म्हणजे चूक होते ती आयुष्य जास्त दाखवण्याच्या बाजूला. ‘दर दहा अंशांना आयुष्य निम्मं’ हा नियमही जपून वापरा: एनर्जी १.० असेल तर ५० ते ६० अंशांमध्ये वेग जवळपास तिप्पट होतो.

एक्सएलपीईची आणखी एक भानगड आहे. त्यातले स्फटिक साधारण १०५ ते ११० अंशांच्या आसपास वितळतात. तुमचा ओव्हन त्याच्या वर, खोली खूप खाली. दोन्हीकडे पदार्थाची रचनाच वेगळी, मग एकाच सरळ रेषेने दोन्ही टोकं जोडायची कशी? किरणोत्सर्गात तर काही एक्सएलपीई उलटंच वागतात: कमी तापमानाला जास्त लवकर खराब होतात, कारण तुटलेल्या साखळ्यांना हलून पुन्हा जुळायला वाव मिळत नाही. उष्णता वाढवली म्हणजे चाचणी कडक झाली, हे इथे लागू पडत नाही.

आता डोस. ५०० किलोग्रे ४० वर्षांत विभागले तर तासाला १.४ ग्रे पडतात. तुम्ही बहुधा तासाला १० किलोग्रेने दिले, म्हणजे सुमारे सात हजार पट घाईने. हवेत पॉलिमर (लांब साखळ्यांचं प्लास्टिक किंवा रबर) बिघडवणारा मुख्य गडी ऑक्सिजन. गॅमा साखळी तोडतो, पण तुटलेल्या टोकांना धरून पुढची मोडतोड ऑक्सिजन करतो, आणि त्याला आत झिरपायला वेळ लागतो. घाई केली की तो पृष्ठभागावरच खपून जातो, आतला भाग जवळपास कोरा राहतो. तुमचा नमुना आडवा कापून पॉलिश करा आणि कडेपासून आतपर्यंत सूक्ष्म कडकपणा मोजा. कडेला एक आकडा आणि मध्ये दुसरा येत असेल, तर तुम्ही फक्त साल म्हातारी केली आहे. खोलीतल्या केबलमध्ये हळूहळू पूर्ण जाडी ऑक्सिडाइझ होईल.

हे नुसतं पुस्तकी नाही. अमेरिकेत सॅव्हाना रिव्हरच्या के रिअ‍ॅक्टरमधल्या केबल बारा वर्षांत ठिसूळ झालेल्या सापडल्या. आत पॉलिथिलीन, वर पीव्हीसी. सरासरी तापमान सुमारे ४३ अंश, डोस फार तर २५ किलोग्रे. डोस तुमच्या विसाव्या भागाइतका! सँडिया प्रयोगशाळेत क्लफ आणि गिलन यांनी त्याचा माग काढला. आधी किरण आणि मग उष्णता दिली तर तसाच नाश दिसला. आधी उष्णता आणि मग किरण दिले तर माल बराच शाबूत राहिला. किरणांमुळे पेरॉक्साइड (ऑक्सिजनची अस्थिर संयुगं) साठतात आणि उष्णता ते फोडून नवीन साखळी-प्रक्रिया सुरू करते. तुमचा क्रम नेमका सौम्य बाजूचा आहे. दोन्ही एकदम देता येत नसतील, तर निदान क्रम उलटा करा आणि डोसचा वेग शक्य तितका उतरवा.

मेगरबद्दल. इन्सुलेशन पार ठिसूळ झालं तरी जोवर तडा जात नाही आणि तड्यात ओलावा शिरत नाही, तोवर रेझिस्टन्स छानच दिसतो. अपघातात वाफ भरते तेव्हा मात्र तोच तडा जीवघेणा. म्हणून आधी ताण द्या: तुटेपर्यंत किती टक्के लांबते ते पाहा. नवी एक्सएलपीई मूळ लांबीच्या काहीशे टक्के ताणते. ही लांबण ५० टक्क्यांखाली आली की आयुष्य संपलं असं बहुतेक ठिकाणी धरतात. चालू केबलचा तुकडा तोडता येत नसेल तर जॅकेटवर (बाहेरच्या आवरणावर) इंडेंटर, म्हणजे टोक दाबून कडकपणा मोजायचं यंत्र, लावा. तेही नसेल तर जुन्या केबलचं ग्लँडजवळचं (केबल पेटीत शिरते तिथल्या पकडीजवळचं) वळण टॉर्चखाली बघा, पहिल्या भेगा बहुतेकदा तिथेच येतात. हाताने मात्र वाकवू नका, बघता बघता तुम्हीच तडा पाडाल. आणि अँटिऑक्सिडंट (ऑक्सिजनपासून वाचवायला मालात घातलेलं रसायन) संपेपर्यंत हे आकडे फारसे हलत नाहीत, मग एकदम कोसळतात. त्यामुळे ऑक्सिडेशन इंडक्शन टाइमही (ते रसायन किती उरलंय हे सांगणारी वेळ) सोबत मोजलेला बरा.

पीव्हीसीचा विषय निघालाच आहे तर: त्यातून प्लास्टिसायझर (मऊ ठेवणारं द्रव्य) उडतो, हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं आणि टर्मिनलवर तांबं हिरवं पडतं. अशा खोलीत ते नकोच.

टेफ्लॉन? अजिबात नाही. उष्णतेत २६० अंशांपर्यंत आरामात, पण हवेत काही किलोग्रे डोसमध्येच त्याची ताकद ढासळते, कारण किरण त्याच्या साखळ्या तोडतच सुटतात. सिलिकॉन उष्णतेला चांगलं, किरणांत कडक होत जातं. डोस खरोखर मोठा असेल तर पीक (PEEK) किंवा पॉलिइमाइड या प्लास्टिककडे बघा. पण तुमच्या १.४ ग्रे प्रतितासाला चांगलं ईपीआर (एथिलीन-प्रोपिलीन रबर) किंवा हीच एक्सएलपीई पुरू शकते. त्याच बॅचचे चार-पाच जादा तुकडे आजच खोलीतल्या सर्वांत गरम कोपर्‍यात टांगून ठेवा आणि दर काही वर्षांनी एक काढून ताणून बघा.