15 वर्षं होत आलेल्या गाडीवर 42 हजार खर्च करावेत का?

तुमचा प्रश्न असा: 2011ची पेट्रोल हॅचबॅक, रत्नागिरीत वापर, महिन्या-दोन महिन्यांनी पुणे. क्लच, शॉकअप आणि एसी मिळून गॅरेजवाल्याने 42 हजार सांगितलेत आणि जुन्या बाजारात गाडीलाच 85 हजार मिळतायत.

गाडीच्या निम्म्या किमतीएवढा खर्च म्हणजे वेडेपणा, असं घरचे म्हणत असतील. मला तो हिशोबच पटत नाही. 85 हजार ही तुम्ही विकलीत तर हातात येणारी किंमत. तुम्हाला तेवढ्यात दुसरी गाडी मिळणार आहे का? नव्या गाडीसाठी 6 लाखांचं कर्ज 9 टक्क्यांनी 5 वर्षांसाठी काढलं, तर हप्ता साडेबारा हजारांच्या आसपास बसतो. म्हणजे हा 42 हजारांचा खर्च जेमतेम साडेतीन हप्त्यांचा. शिवाय क्लच आणि शॉकअप हे झिजणारेच भाग; एकदा बदलले की बरीच वर्षं बघायला नको.

पण पैसे देण्याआधी गाडी रॅम्पवर चढवा आणि खाली स्वतः उभे राहून बघा. कोकणात इंजिनाआधी पत्रा जातो. खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस, त्यात गाडी उघड्यावर. दाराच्या खालची पट्टी, जॅक लावायची जागा, सस्पेन्शन जिथे बॉडीला बसतं तो भाग, सगळीकडे स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. वरवरचा गंज घासून, रंगवून निघतो. टोक आत गेलं तर विषय संपला, एक रुपयाही घालू नका. नवा पत्रा वेल्ड करून देतो म्हणणारे भेटतील, पण बाजूचा पत्राही कुजलेलाच असतो. आणि गाडी कधी पुरात बुडालेली असेल (जुलै 2021मध्ये चिपळूणला किती गाड्या गेल्या ते आपण पाहिलंय), तर वायरिंगचं दुखणं कायमचं.

पत्रा शाबूत असेल तर इंजिनाची कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमध्ये दाब नीट तयार होतो का, याची तपासणी) करून घ्या आणि कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, कमी होतंय का बघा. दोन्ही ठीक असेल तर मी दुरुस्तीच करेन. 15 वर्षं झाल्यावर आरटीओत पुन्हा पासिंग (नोंदणीचं नूतनीकरण) लागेल, ते 5 वर्षांसाठी मिळतं. मोटारीची फी 5 हजार, वर पर्यावरण कर. हेही 42 हजारांत मिळवून हिशोब करा. ठरावीक वर्षं झाली म्हणून खासगी गाडी चालवायला बंदी, असं आपल्याकडे नाही, त्यामुळे ‘आता भंगारातच जाणार’ हे ऐकू नका.

एक मुद्दा मात्र कुठलंच गॅरेज सोडवू शकत नाही. तुमचं मॉडेल बेसिक असेल तर त्यात एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आणि एअरबॅग नसणार. घाटातून लहान मुलांना घेऊन नेहमी जाणं-येणं असेल, तर एवढ्या एका कारणासाठी मी गाडी बदलेन.

विकायचीच ठरली तर आहे त्या अवस्थेत विका. केलेला खर्च किमतीत वसूल होत नाही. फक्त फॉर्म 29 आणि 30वर (गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याचे आरटीओचे अर्ज) सह्या करून मोकळे होऊ नका, आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी पुस्तकावर, नवं नाव चढल्याचं बघून घ्या.